तीन टोल्यांची नाव

लाईट काय इतक्यात येत नाही. बसा तोवर. आणि लोटन, तो पुठ्ठा हलवणं बंद कर. वारा तू घेतोस आणि मेणबत्ती माझी विझते.

भुताचं म्हणाल तर भूत मी पाहिलेलं नाही. तीस वर्षं भुसावळच्या यार्डात बत्त्या पुसल्या, भरल्या, लावल्या. अपरात्री रुळांवरून एकटा फिरलो. मला कोणी भेटलं नाही. पण झुलाल भोई खोटं बोलणारा माणूस नव्हे, आणि ही त्याच्यावर गुदरलेली गोष्ट आहे. त्याच्या गावाचं नाव सांगत नाही. तापीच्या उत्तर काठावर, चोपडा तालुक्यात, आणि समोरच्या काठावरून अमळनेरची वाट, एवढं पुरे. त्या गावच्या पोरींची लग्नं व्हायची आहेत अजून.

झुलाल माझ्याकडे आला तो चौऱ्याण्णव साली, आखाजीच्या, म्हणजे अक्षयतृतीयेच्या, आधीच्या आठवड्यात. त्याला नवीन नावेसाठी काहीतरी साधन घ्यायचं होतं, आणि कोणतं घ्यावं ते उमगत नव्हतं. पाणी प्यायला, टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाला, “आबा, माले असं काहीतरी पाहिजे, काठवर उभा माणूसले नाव कोठे शे ते समजनं पाहिजे. रातले. पूर ऱ्हाई तरी.”

आता तुम्हाला त्या घाटाची रीत सांगतो, नाही तर पुढचं कळायचं नाही. दोन्ही काठांवर लिंबाच्या झाडाला रुळाचा एकेक तुकडा टांगलेला, शाळेत घंटेसाठी असतो तसा. उतारू आला की त्यानं लोखंडी सळईनं तो वाजवायचा. गावात नावा तीन. एक टोला दिला तर पहिल्याची नाव निघायची, दोन दिले तर दुसऱ्याची, आणि तीन दिले तर झिपरूची. झिपरू म्हणजे झुलालचा थोरला भाऊ. टोले ऐकू आले की नाववाल्यानं हाक मारून जबाब द्यायचा. पण पाणी चढलेलं असलं, वारा उलटा असला, की हाक मध्येच विरून जायची.

त्र्याण्णवच्या श्रावणात झिपरू रात्रीचा रिकामी नाव घेऊन परतत होता. वरून एकाएकी पाणी आलं. झुलाल काठावर होता. त्यानं तीन टोले दिले, थांबला, कान दिला. पुन्हा तीन दिले. उजाडेपर्यंत देत राहिला. हाताची सालपटं निघाली, जबाब आला नाही. नाव सापडली नाही आणि झिपरूही सापडला नाही. नाव कोणत्या अंगाला आहे एवढं जरी कळलं असतं, तर दोर फेकता आला असता, दुसरी नाव घालता आली असती. हे झुलालच्या काळजात रुतून बसलं होतं. त्यातच तहसीलच्या कागदात अट आली, की रात्री नाव चालवायची तर तिचा ठावठिकाणा काठावरून कळेल असं साधन हवं. पण अट नसती तरी झुलाल आलाच असता.

आम्ही दोघांनी दिवसभर भुसावळचा बाजार पालथा घातला. गॅसबत्ती पाहिली, वाऱ्यात तिची जाळी टिकायची नाही. एका इलेक्ट्रिकवाल्यानं ट्रॅक्टरची बॅटरी आणि लुकलुकणारा पिवळा दिवा दाखवला. त्या वजनात दोन माणसं बसली असती. शेवटी मोतीलाल रेडिओवाल्याकडे गेलो. मोतीलाल तरुणपणी मोठ्या जहाजावर होता आणि ते विसरू देत नसे कोणाला.

मोतीलाल म्हणाला, “जहाजांसाठी आता यंत्र निघालंय. लांबून विचारणा आली की ते आपोआप उत्तर पाठवतं, मी इथं आहे म्हणून. खलाशी झोपलेला असला तरी. तुमच्या नावेला ते परवडायचं नाही, पण खरी चीज ती.”

झुलालनं विचारलं, “अन् खलाशी मरी जाई, तरी जवाब देई?”

“देणारच. बॅटरी आहे तोवर देतं.”

झुलालनं समोरच्या उघड्या रेडिओवरून हात मागे घेतला. मग म्हणाला, “मंग ते माले नको. माले माणूसना जवाब पाहिजे.”

हे ऐकलं आणि मी त्याला घरी आणून हातबत्ती दाखवली. भंगाराच्या लिलावात घेतलेल्या दोन होत्या माझ्याकडे. तुम्ही पोरं बॅटरीवर जीव टाकता, पण हातबत्तीसारखी शहाणी वस्तू रेल्वेनं दुसरी केली नाही. आत घासलेटची ज्योत, तिच्याभोवती तीन काचा: पांढरी, लाल, हिरवी. वरची टोपी हातानं फिरवावी तसा रंग बदलतो. मी त्याला सांगितलं, हात हलल्याशिवाय ही हिरवी होत नाही. हिरवा दिसला म्हणजे हात आहे, आणि हात आहे म्हणजे माणूस आहे. झुलालचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला.

फक्त तिची हिरवी काच तडकलेली होती. दुसरी होती, ती केसभर मोठी निघाली, खाचेत बसेना. काच कानशीनं घासायची तर पाण्यात धरून घासावी लागते, नाही तर फुटते. झुलालनं परातीत काच धरली आणि मी तिचा खालचा उजवा कोपरा तिरपा घासला. थोडा वाकडाच गेला माझा हात. मग आतून पत्र्याची पट्टी मारून काच पक्की केली. तो कोपरा ध्यानात असू द्या.

बत्ती घेऊन झुलाल गावी गेला आणि त्यानं नेम ठरवला. काठावरून टोले पडले की नावेतून हिरवा तीनदा दाखवायचा, म्हणजे येतोय. लाल दाखवला तर पाण्याजवळ यायचं नाही. इथवर सगळं बरोबर होतं. चुकला तो पुढे.

त्या लोकांत बुडालेल्या नावेचे टोले पुन्हा वाजवत नाहीत. नव्या नावेला नवा आकडा देतात, मधला आकडा रिकामा सोडतात. झुलालनं खरं तर चार टोले घ्यायला हवे होते. पण त्यानं तीनच ठेवले. झिपरूची बायको भागाबाई, जिनं या धाकट्या दिराला हातावर वाढवलं होतं, ती चुलीपुढून उठून बाहेर आली आणि नवऱ्याचं नाव न घेता म्हणाली,

“झुलाल, त्या टोला त्यासना शेत. तीन टोला वाजाडशी ते त्याच येतीन.”

“वहिनी, बठ्ठा गावसले तीनच टोला माहीत शेत,” झुलाल म्हणाला. “नवा टोला कोन ध्यानमा ठेवी?”

असं तो म्हणाला खरा. मला मात्र त्यानं नंतर सांगितलं, की आबा, ते निमित्त होतं. भावाचे टोले बंद पडले तर भाऊ खरंच गेला असं होईल, हे मला सोसेना.

आखाजीला झुलालची मुलगी तानुबाई तान्हं मूल घेऊन माहेरी आली. तिला सुरतेला दिलेली, नवरा यंत्रमागावर. झिपरूला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तानू दोघा भावांची मिळून एकच. झुलालनं तिला घाटावर नेऊन बत्ती दाखवली. हिरवा तीनदा दिसला की बिनघोर नावेत बसायचं, तो तुझा बाप आहे, असं शिकवलं. तिनं दोन वेळा बत्तीची टोपी फिरवून पाहिली आणि हसली. चार दिवस राहून ती सुरतेला परत गेली.

पुढं भाद्रपदात सुरतेला ती साथ आली. आठवत असेल तुम्हाला, प्लेगची. माणसं गाड्यांना लोंबकळून खानदेशात परतत होती. गावोगाव धास्ती बसली. झुलालच्या गावात दुसऱ्या दोन्ही नाववाल्यांनी सांगून टाकलं, सुरतेचं माणूस आम्ही उतरवणार नाही. आणि तीन ऑक्टोबरला, सोमवारी, सकाळी सकाळी अमळनेरचा देवचंद टेम्पोवाला निरोप देऊन गेला. तानू आज रात्रीच्या गाडीनं उतरतेय, सोबत आठ महिन्यांचं मूल आहे. जावई मागाहून येईल. मी तिला पलीकडच्या घाटावर आणून सोडतो.

तो दिवस पितृपंधरवड्यातल्या चतुर्दशीचा. घातानं गेलेल्यांचं पान त्या दिवशी वाढतात. झुलालच्या घरी कोणाचंच पान वाढलं नव्हतं. भागाबाई ऐकायला तयार नव्हती. “त्या सापडनात नहीत. मंग पान कसं वाढू?” नवऱ्याबद्दल एवढंच म्हणायची.

दिवस मावळायला झुलाल घाटावर गेला. बत्ती त्यानं घरी ओट्यावर बसून पुसली होती, तिन्ही काचा. बायको बेबाबाई शेजारी बसून वाती वळत होती, तिनं पाहिलं. नदीला पाणी भरपूर, पण शांत. चंद्र नाही. वारा पडलेला. समोरचा काठ म्हणजे नुसती काळी रेघ.

नऊ वाजले. साडेनऊ. गावातली कुत्री गप्प झाली. झुलाल नावेच्या कडेवर बसून होता. मनात एकच, की पोरगी त्या काठावर एकटी थांबायला नको.

सव्वादहाच्या सुमाराला पलीकडून टोले आले.

एक... दोन... तीन.

तानूच. झुलाल उठला. बत्ती वर धरली आणि टोपी फिरवली. पांढरा. लाल. मग हिरवा यायला हवा...

हिरवा आला नाही.

पिवळी ज्योत नुसती उघडी दिसली. त्याला वाटलं टोपी अडली. पुन्हा फिरवली. पांढरा, लाल, उघडी ज्योत. त्यानं बोट घातलं. बोट थेट आत गेलं, ज्योतीजवळ चटका बसला. हिरव्या काचेच्या जागी काहीच नव्हतं. खाच रिकामी.

त्यानं वर पाहिलं.

नदीच्या मध्यावर हिरवा उजेड होता.

एकदा दिसला. विझला. दुसऱ्यांदा... विझला. तिसऱ्यांदा.

झुलाल सांगतो, की पहिल्यांदा त्याला भीती वाटलीच नाही. त्याला आनंद झाला. वर्षभर ज्या जबाबासाठी कान लावून बसला होता, तो आला होता. भाऊ होता तिथं. त्यानं तोंडही उघडलं, भाऊ म्हणून हाक द्यायला. आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की तो उजेड इकडे येत नाहीये.

पलीकडे चाललाय.

तानूकडे.

आणि तानूला त्यानं स्वतः शिकवलं होतं, हिरवा तीनदा दिसला की बिनघोर बसायचं.

त्यानं दोर सोडला. सोडला कसला, तोडलाच. वल्ही घातली. ओरडला, तानू, बसू नको. त्या पाण्यावर हाक किती जाणार... पन्नास हात. बत्ती लाल करून नावेच्या टोकाला टेकवली, की निदान लाल तरी दिसेल तिला. आणि वल्ही मारत सुटला. दर चार हातांनी मान वळवून बघायचा. हिरवा पुढेच. तितकाच पुढे. हा जोर लावायचा, अंतर तेवढंच. त्या उजेडाकडून वल्ह्याचा आवाज नव्हता. पाणी कापल्याचा नव्हता. त्याच्या स्वतःच्या वल्ह्यांचा तेवढा येत होता. आणि श्वासाचा.

मध्यावर आल्यावर तो बोलला. ओरडला नाही. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं.

“भाऊ... ती तानू शे. आपली तानू.”

जबाब नाही.

“माले लई जाय. तिले नको.”

...

हिरवा उजेड काठाला टेकला. तिथंच थांबला. जरा खाली गेला, कोणी नावेत चढल्यावर जातो तसा. आणि मग दिसेनासा झाला.

झुलालची नाव काठाच्या चिखलात घुसली. तो चिखलातून रांगत वर चढला. लिंबाखाली कोणी नाही. सळई खाली पडलेली. वर वाटेला देवचंदचा टेम्पो वळत होता. झुलाल त्याच्या दिव्यांपुढे जाऊन उभा राहिला. देवचंदनं गाडी थांबवली आणि डोकं बाहेर काढलं.

“झुलाल भाऊ? आत्तेच तं तू लई गया तानूले. परत काब्र उना?”

झुलालनं विचारलं, “मी?... मी लई गऊ?”

“तूच. हिरवी बत्ती दखाडी, नाव लागनी, ती बठनी. मी मूल धरं, तिना हातमा दिधं.” देवचंद जरा थांबला. “एक सबद बोलना नही तू. माले वाटनं, सुरतना माणूसले भ्यायना.”

“तोंड दखं का तू?”

“अंधारमा काय दिखस? डोकावर घोंगडी व्हती.”

झुलालच्या डोक्यावर टोपी होती. घोंगडी नव्हती. घोंगडी झिपरू घ्यायचा, बारा महिने, नावेत बसताना.

देवचंदनं ते पाहिलं. मग त्याची नजर झुलालच्या मागं चिखलात टेकलेल्या नावेकडे गेली. तिच्या टोकाला लाल बत्ती जळत होती. देवचंदनं डोकं आत घेतलं. त्यानं काच वर केली.

झुलाल पाण्याकडे वळला. नदी जशी होती तशीच. कुठं उजेड नाही. कुठं आवाज नाही. मूल रडल्याचाही नाही. किती वेळ उभा होता, त्याला सांगता येत नाही. त्यानं सळई उचलली. मारायला हात वर नेला... आणि खाली आणला. कोणाला बोलावणार? तीन टोले दिले तर कोण येणार, ते आता त्याला माहीत होतं.

तेवढ्यात टोले पडले.

त्याच्या गावच्या काठावरून.

एक... दोन... तीन.

तो वाट बघत राहिला. हिरवा दिसतो का...

दिसला नाही. नदीवर काळोख. या खेपेला जबाब द्यायला तिथं दुसरं कोणी नव्हतं. झुलाल नावेत बसला आणि परत वल्ही मारू लागला. त्याला तो मधला वेळ आठवत नाही. काय दिसेल काठावर, याचा विचार करायचा नाही, एवढंच ठरवलेलं.

तानू लिंबाखाली बसली होती. मूल मांडीवर, गाढ झोपलेलं. नाव टेकली तशी ती चिडून उठली.

“बा, तू माले उतारीसन परत कोठे गया? मी आठे एकली. शेवट टोला वाजाडात मी.”

झुलालनं आधी मुलाच्या छातीवर हात ठेवला. मग तिच्या डोक्यावर. मग खाली पाहिलं. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं, थबथबलेलं, आणि निऱ्यांत वाळू अडकली होती. त्याच्या नावेचा तळ कोरडा होता.

“अन् नाव दुरुस्त कर,” तानू म्हणाली. “गुडघाभर पाणी व्हतं नावमा. पाय गोठी गयात मना. मी तुले इचारं, बा, नाव बुडी का? तू बोलनाच नही. नुसता बाळना पायले हात लाया.”

झुलालनं तिला घरी नेलं, चुलीजवळ बसवलं. भागाबाईनं तानूचं लुगडं पिळताना ती वाळू हातात घेतली, बराच वेळ चोळून पाहिली आणि झुलालकडे बघितलं. झुलालनं मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी सर्वपित्रीला भागाबाईनं झिपरूचं पान वाढलं. रडली, पण वाढलं. त्याच दिवशी झुलालनं दोन्ही काठांना सांगून टाकलं, की माझ्या नावेला इथून पुढे चार टोले. तीन कोणी वाजवायचे नाहीत. आजतागायत कोणी वाजवलेले नाहीत.

इथं गोष्ट संपली असती तर मीच म्हटलं असतं, की दुसरा कोणी नाववाला गेला असेल मायेपोटी आणि गावाच्या भीतीनं बोलला नसेल. मी तसं झुलालला म्हणालोही.

पण पुढच्या वैशाखात तापी पार आटली. घाटाच्या खाली कोसभर अंतरावर वाळू काढणाऱ्या लोकांना नावेची कड लागली. पुरुषभर वाळूखाली झिपरूची नाव निघाली. झिपरू नव्हता. घोंगडीचा एक धागा नव्हता. नाव वाळूनं ठासून भरलेली. झुलालनं ती स्वतःच्या हातानं उपसली. आणि बसायच्या फळीखाली, अगदी तळाशी, त्याला एक वस्तू लागली.

ती तो रुमालात बांधून माझ्याकडे घेऊन आला. सोबत बत्ती. मी बत्ती उघडली. माझी पत्र्याची पट्टी होती तशीच होती, वाकलेली नाही, उचकटलेली नाही. पट्टी काढून मी ती वस्तू खाचेत सरकवली. बसली.

झुलाल म्हणाला, “आबा, ज्या रातले भाऊ गया, मी टोला मारी मारी थकी गऊ. जवाब नही उना. तो आते उना.” आणि माझ्या ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडला. बत्तीत मी दुसरी काच घालून दिली. जुनी त्यानं नेली नाही. तुमच्याजवळ राहू द्या म्हणाला.

मेणबत्ती जरा इकडे आण लोटन. ही बघ. भिऊ नको, काच आहे नुसती. नाव बुडाली त्र्याण्णवच्या श्रावणात. ही काच मी बत्तीत बसवली त्याच्या पुढच्या वर्षी, आखाजीच्या आधी, या इथंच बसून. आता हिच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर अंगठा फिरव. तिरपा घासलाय ना? आणि थोडा वाकडा गेलाय.

तो हात माझा आहे.